महिना शेकडा दोन सरळ की शेकडा एक चक्रवाढ? शेवटी पुढे कोण जातं?

कऱ्हाकाठ

नमस्कार. मी बारामती तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवीच्या वर्गात चक्रवाढव्याजाचं प्रकरण चालू आहे. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलापाशी येऊन थांबली. म्हणाली, "बाई, आमच्या घरी मोटारीला आणि पाइपलाइनला लाखभर रुपये काढायचेत. एक जण महिना शेकडा दोननं देतो म्हणतो, पण सरळव्याज. पतसंस्था शेकडा एक म्हणते, पण चक्रवाढ. कुठलं घ्यावं?"

पुढच्या तासाची घंटा झाली होती. "चक्रवाढ केव्हाही महागच पडते," असं सांगून मी वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. वडिलांच्या मोबाइलवर गुणाकार करत करत तिने दोन्ही रकमा काढल्या होत्या. मध्ये एक पैसाही फेडला नाही असं धरून.

१ वर्षानं: सरळ १,२४,०००, चक्रवाढ १,१२,६८३
५ वर्षांनी: सरळ २,२०,०००, चक्रवाढ १,८१,६७०
१० वर्षांनी: सरळ ३,४०,०००, चक्रवाढ ३,३०,०३९

खाली लिहिलं होतं, "बाई, दहा वर्षं झाली तरी सरळच महाग आहे."

मला खूप लागलं ते. मी दिलेलं उत्तर पाठ केलेलं होतं आणि तिच्या घरचा व्यवहार खरा होता. त्या रात्री मी बसून महिन्यामहिन्यानं पुढे गेले. १२७ व्या महिन्याअखेर सरळव्याजाचे ३,५४,००० होतात आणि चक्रवाढीचे ३,५३,८४६. फक्त १५४ रुपयांचा फरक. १२८ व्या महिन्यात सरळ ३,५६,००० आणि चक्रवाढ ३,५७,३८५. म्हणजे १० वर्षं ८ महिन्यांनी चक्रवाढ पुढे जाते, आणि मग मात्र थांबत नाही. २० वर्षांनी सरळ ५,८०,०००, चक्रवाढ १०,८९,२५५. ३० वर्षांनी सरळ ८,२०,०००, चक्रवाढ ३५,९४,९६४.

आता माझे दोन प्रश्न. सरळ रेषेचा टप्पा कितीही मोठा घेतला आणि चक्रवाढीचा दर कितीही बारीक घेतला, तरी चक्रवाढ कधी ना कधी पुढे जातेच का? उत्तर "हो" आहे हे मला ठाऊक आहे, पण लॉगॅरिदम न वापरता ते आठवीच्या मुलांना पटवायचं कसं? आणि दुसरा, या घराला मी काय सांगावं?

वहीतलं_गणित

बाई, तुमच्या मुलीची वही वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्ही १२८ व्या महिन्यावर बोट ठेवलंत, पण मला त्याच्या बऱ्याच आधीचा महिना महत्त्वाचा वाटतो. एकूण रक्कम थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्या त्या महिन्यात किती भर पडली तेवढंच पाहा. सरळव्याजात दर महिन्याला २,००० पडतात, कायम. चक्रवाढीत पहिल्या महिन्यात फक्त १,००० पडतात. मग १,०१०, मग १,०२०... ७० व्या महिन्यात १,९८७ आणि ७१ व्या महिन्यात २,००७.

म्हणजे ७० व्या महिन्यापर्यंत दोघांतलं अंतर वाढत जातं. तिथे चक्रवाढ ३९,३२४ रुपयांनी मागे असते. कोणीही म्हणेल, ही काही आता गाठत नाही. पण ७१ व्या महिन्यापासून ती दर महिन्याला थोडं थोडं अंतर कापायला लागते, आणि कापण्याचा वेगही वाढत जातो. १२८ व्या महिन्यात जे दिसतं ते ७१ व्या महिन्यातच ठरलेलं असतं.

मुलांना दोन स्तंभ काढायला सांगा: एक एकूण रकमेचा आणि एक "या महिन्यात किती वाढलं" याचा. दुसऱ्या स्तंभात सरळव्याजाखाली तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो. चक्रवाढीचा दुसरा स्तंभ मात्र पहिल्यासारखाच वागतो, तोही महिन्याला शेकडा एकनंच वाढतो. वाढीची वाढही त्याच चालीची. हे एकदा मुलांच्या डोळ्यांना दिसलं की लॉगॅरिदमची गरज नाही.

सातपुडा

+१. हा ७१ वा महिना मी कधी पाहिलाच नव्हता. आम्हाला शाळेत फक्त सूत्र दिलं होतं.

शून्यापासून

कऱ्हाकाठ ताई, पहिल्या प्रश्नाची सिद्धता आठवीत बसेल अशी मांडून बघतो.

पायरी पहिली. एकाच दराचं सरळव्याज आणि चक्रवाढव्याज घ्या. चक्रवाढीत मूळ मुद्दलावरचं व्याज दर महिन्याला मिळतंच, वर व्याजावरचं व्याज मिळतं. म्हणून चक्रवाढीची रक्कम त्याच दराच्या सरळव्याजाहून कधीच कमी नसते. गणितात याला बर्नुलीची असमानता म्हणतात. मुलांना नाव सांगितलं नाही तरी चालेल, ही गोष्ट त्यांना व्यवहारातून कळते.

पायरी दुसरी. सरळव्याजाची रेषा कितीही सावकाश चढत असली तरी ती कुठल्याही उंचीच्या वर जातेच. चक्रवाढ तिच्या वर आहे, म्हणून चक्रवाढही कुठल्याही आकड्यापलीकडे जाणार.

पायरी तिसरी. चक्रवाढीची महिन्याची भर म्हणजे दर गुणिले आतापर्यंतची रक्कम. रक्कम हवी तेवढी मोठी होत असेल, तर भरही हवी तेवढी मोठी होणार. मग समोरच्या रेषेचा टप्पा दोन हजार असो की दोन कोटी, एक महिना असा येतो की त्यानंतर चक्रवाढीची भर त्या टप्प्याहून निदान एक रुपयानं जास्त असते. अंतर तेव्हा कितीही असलं तरी ते ठरावीक आहे, आणि दर महिन्याला निदान एक रुपया कापला जातोय. ते संपणारच.

एवढंच. कुठेही सूत्र सोडवावं लागलं नाही.

एक टोकाचं उदाहरण मी स्वतः करून पाहिलं. एका बाजूला टप्प्याला १,००० नं वाढणारी रेषा, शून्यापासून. दुसऱ्या बाजूला १ या आकड्यापासून निघालेली, टप्प्याला १ टक्का वाढणारी रक्कम. अगदी सुरुवातीचा क्षण सोडला तर रेषा इतकी पुढे असते की तुलनाच वेडेपणाची वाटते. १,१५८ व्या टप्प्याला रेषा ११,५८,००० वर असते आणि चक्रवाढ जेमतेम १,०१,००० वर. पण तिथून चक्रवाढीची भर १,००० च्या वर जाते. साडेदहा लाखांहून मोठी ती पिछाडी पुढच्या २६६ टप्प्यांत भरून निघते आणि १,४२४ व्या टप्प्याला चक्रवाढ पुढे असते.

कऱ्हाकाठ

@शून्यापासून, तिसरी पायरी मी आज वर्गात जशीच्या तशी सांगून पाहिली. "अंतर कितीही असलं तरी ठरावीक आहे" या वाक्यापाशी दोन मुलं अडली. त्यांना वाटत होतं, अंतर तर वाढतंय, मग ठरावीक कसं? मग @वहीतलं_गणित यांचा ७१ वा महिना फळ्यावर काढला, तेव्हा उमगलं. दोन्ही प्रतिसाद एकत्र लागतात. मनापासून आभार.

टपालखातं

छोटी भर. दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते मुलांना चटकन काढता यायला हवं. ७२ ला वार्षिक दरानं भागायचं. किसान विकास पत्र १९८८ मध्ये आलं तेव्हा साडेपाच वर्षांत दाम दुप्पट होत. आता एप्रिल २०२३ पासून दर ७.५ टक्के आहे, ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, आणि योजनेची मुदत आहे ११५ महिने. बरोब्बर जुळतं. सरळव्याजानं ७.५ टक्क्यांवर दुप्पट व्हायला १३ वर्षं ४ महिने लागले असते.

कर्जविभाग_निवृत्त

ताई, माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत कर्ज विभागात गेली. इथे जी तुलना चालू आहे ती बरोबर आहे, पण त्यात एक अट आहे: मध्ये एक पैसा भरायचा नाही. घरात कर्ज असं चालत नाही. हप्ता भरला जातो. आणि हप्ता म्हणजे काय? तीच सरळ रेषा, फक्त उलट दिशेनं चाललेली. कर्ज टक्क्यांनी वर जातं आणि हप्ता ठरावीक रकमेनं त्याला खाली ओढतो. दोघांची ओढाताण रोज चालू असते.

पतसंस्थेचंच उदाहरण घ्या. १ लाख, महिना शेकडा एक.

हप्ता १,००० ठेवला तर कर्ज कधीच फिटत नाही. जन्मभर भरा, मुद्दल लाखच. हप्ता १,०२९ केला, म्हणजे फक्त २९ रुपये वाढवले, तर ३० वर्षांत फिटतं. १,१०२ केला तर २० वर्षांत. १,४३५ केला तर १० वर्षांत. २,२२५ केला तर ५ वर्षांत.

२९ रुपये आणि शून्य रुपये यांत "३० वर्षं" आणि "कधीच नाही" इतका फरक आहे. आणि १,००० च्या खाली गेलात, समजा ९०० च भरलेत, तर १० वर्षं इमानेइतबारे भरूनही कर्ज १,२३,००४ झालेलं असतं आणि २० वर्षांनी १,९८,९२६. माणूस म्हणतो, मी एक हप्ता चुकवला नाही, मग आकडा वाढतोय कसा? काउंटरच्या पलीकडून हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. प्रश्न विचारणारी माणसं प्रामाणिक होती आणि हप्ता वेळेवर भरत होती. त्यांना कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की महिन्याचं व्याज किती आणि हप्ता त्याच्या वर किती आहे, एवढंच पाहा. वरचे जे रुपये आहेत तेच कर्ज फेडतात.

तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या घराला माझा निरोप सांगा. दर कमी असेल आणि हप्ता नियमित जाणार असेल, तर "चक्रवाढ" या शब्दाला घाबरू नका.

पंचगंगा

काका, तुम्ही सांगितलेलं गणित मी पाण्यात बघितलंय. आमच्या गावच्या तळ्यात जलपर्णी आहे. दर रविवारी आम्ही पोरं मिळून ती काढतो. अनुकूल हवेत जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. दोन आठवडे धरले तर आठवड्याला साधारण ४० टक्के. आणि आमचे हात ठरलेले. समजा आठवड्याला ३० गुंठे निघतात.

मी तुमच्या हप्त्यासारखा हिशेब मांडला. मध्यरेषा येते ७५ गुंठ्यांवर, कारण ७५ चे ४० टक्के म्हणजे ३०. आता ७० गुंठ्यांवर असताना काम सुरू केलं तर आठवड्याआठवड्यानं ६८, ६५, ६१, ५६, ४८, ३७, २२, आणि आठव्या आठवड्याला फक्त १ गुंठा उरतो. ८० गुंठ्यांवर असताना सुरू केलं तर ८२, ८५, ८९, ९४, १०२, ११३, १२८, आणि आठव्या आठवड्याला १४९. तीच पोरं, तेवढेच रविवार, तेवढाच घाम. फरक फक्त सुरुवातीच्या १० गुंठ्यांचा.

आम्ही पहिल्या वर्षी पावसाळा संपून बराच काळ गेल्यावर सुरू केलं होतं आणि हरलो. पोरं म्हणाली, आपण कमी पडलो. खरं तर उशीर झाला होता. पुढच्या वर्षी पानं दिसायला लागली तेव्हाच उतरलो.

विरजण

पंचगंगा, तुमचा हिशेब आवडला. पण एक गोष्ट धाग्यात कोणी म्हटली नाही म्हणून म्हणते. निसर्गात टक्क्यांची वाढ कायम टिकत नाही. तळं भरलं की जलपर्णीला पसरायला जागा नसते. दह्याचं बघा, विरजणातले जिवाणू दुधात भराभर दुप्पट होत जातात, पण त्यांनीच तयार केलेल्या आम्लामुळे पुढे त्यांची वाढ मंदावते. बेल्जियमच्या व्हरहुल्स्टनं १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी अशा वाढीचं समीकरण मांडलं: आधी चक्रवाढीसारखी चढते, मग वाकते, मग सपाट होते.

म्हणजे "शेवटी चक्रवाढ जिंकते" हे कागदावर शंभर टक्के खरं आहे. जगात आधी विचारावं लागतं, तिला अडवणारं काही आहे का? दुधाला भांड्याची हद्द असते. कर्जाच्या आकड्याला भांडं नाही. तो वहीत लिहिलेला असतो, आणि वहीत कितीही शून्यं मावतात.

सुपे_परगणा

विरजण, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. कर्जाच्या आकड्यालाही आपल्याकडे भांडं होतं. त्याचं नाव दामदुप्पट.

एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, हा तो दंडक. म्हणजे लाखाचे फार तर दोन लाख. फार जुना आहे. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायात तो आहे, आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हिंदू कायद्याचा भाग म्हणून तो मानला. पण एकोणिसाव्या शतकात गावागावांच्या व्यवहारात तो मोडत गेला. कसा मोडला, यातच या धाग्याचं गणित आहे.

१८५९ मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू असा की व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्यावर मार्ग काढला. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून जी रक्कम होईल ती नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढवायची. कुळाला वाचता येत नाही, अंगठा उठवायचा आणि घरी जायचं.

कागदावर व्याज सरळच! पण दर तीन वर्षांनी सरळ रेषा तोडून तिच्या टोकापासून नवी, जास्त चढाची रेषा सुरू होते. महिना शेकडा दोन धरून मी मांडून पाहिलं (दर मी धरलेला आहे, तुमच्या मुलीच्या गणितातला). १०० रुपये तीन वर्षांत १७२ होतात. नवा कागद. सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५, पंधरा वर्षांनी १,५०५, अठरा वर्षांनी २,५८९. कागद न बदलता सरळव्याज चाललं असतं तर अठरा वर्षांनी ५३२ झाले असते. आणि दामदुप्पट पाळली असती तर २००.

हा नुसता हिशेब नाही. दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे एक प्रकरण आलं होतं, त्यात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून जास्त व्याज लावलेलं होतं.

आता पार्श्वभूमी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आपल्याकडच्या कापसाला भाव आला, आणि सावकार मागेल तेवढे पैसे देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, पैसे मिळेनासे झाले. त्यातच जमीन महसूल वाढवला गेला. १२ मे १८७५ ला सुप्याला बाजारपेठेत शेतकरी जमले, सावकारांच्या खातेवह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. तिथून ते पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं पेटवली गेली. पण पहिली मागणी सगळीकडे एकच होती: कागद द्या.

लोक याला नुसता संताप म्हणतात. मला वाटतं त्यांना नेमकं कळलं होतं की वाढ कुठे राहते. ती त्या कागदात राहत होती. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात न्यायालयाला अधिकार मिळाला की रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं मांडायचं. म्हणजे मुद्दलात मिसळलेलं व्याज पुन्हा बाहेर काढायचं. वक्राची पुन्हा रेषा करायची.

कऱ्हाकाठ बाई, तुम्ही बारामती तालुक्यातल्या. सुपे तुमच्याच तालुक्यात. वर्गात सांगाच हे.

सातपुडा

"वाढ कुठे राहते ते त्यांना कळलं होतं"... हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे.

शून्यापासून

@सुपे_परगणा, तुमच्या आकड्यांवरून लगेच एक तपासलं. तीन वर्षांत १.७२ पट म्हणजे महिन्याला सुमारे १.५२ टक्के चक्रवाढ. म्हणजे तीन वर्षांनी कागद बदलणारं "शेकडा दोन सरळ" आणि पतसंस्थेचं "शेकडा एक चक्रवाढ" यांची तुलना केली तर १२८ वा महिना येतच नाही. सरळ म्हणवणारंच कायम महाग राहतं, आणि अंतर कायम वाढत राहतं. मूळ प्रश्नाचं उत्तरच बदललं. व्याजाचं नाव काय ते विचारून भागत नाही, मुद्दल कधी बदलतं ते विचारायला हवं.

कऱ्हाकाठ ताई, त्या घरानं कागद बदलण्याबद्दल काही विचारलं आहे का?

कर्जविभाग_निवृत्त

अगदी हाच प्रश्न. आज विचारायला सांगा, उद्या नको.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल शाळा सुटल्यावर मुलीला थांबवून घेतलं आणि सांगितलं, "वडिलांना एवढंच विचारायला सांग: मध्ये हिशेब करून नवा कागद होणार का? झाला तर त्यावर कुठली रक्कम लिहिणार?"

आज ती उत्तर घेऊन आली. दर दिवाळीला हिशेब, आणि जी रक्कम निघेल तिचा नवा कागद.

मी काही बोलायच्या आत तिने वही उघडली. रात्रीच मांडून झालं होतं. वर्षाला शेकडा २४, आणि दर वर्षी नवं मुद्दल. ५ वर्षांनी २,२०,००० च्या जागी २,९३,१६३. १० वर्षांनी ३,४०,००० च्या जागी ८,५९,४४३. पतसंस्थेचे दहा वर्षांचे ३,३०,०३९ तिने शेजारीच लिहून त्याला चौकट केली होती.

मग वर्गात आम्ही आलेख काढला. पाच आलेख कागद चिकटवून लांब पट्टी केली, एक सेंटिमीटर म्हणजे एक महिना, उभं एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार. शेकडा दोनची खरी सरळ रेषा निळी, शेकडा एकची चक्रवाढ लाल. ७० व्या महिन्यापाशी मुलांनी पट्टी लावून अंतर मोजलं, जवळपास चार सेंटिमीटर आलं. पुढच्या प्रत्येक महिन्याला ते कमी होतंय हे त्यांनीच बोटांनी दाखवलं. सुप्याची हकिकत सांगितली तेव्हा वर्ग अगदी शांत होता. तीन मुलं सुप्याचीच आहेत, त्यांना हे घरात कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर त्या मुलीनं हिरवी पेन्सिल घेतली आणि दोन लाखांच्या उंचीवर एक आडवी रेघ मारली. म्हणाली, "ही दामदुप्पट." निळी रेषा त्या रेघेला ५० व्या महिन्यात लागते, लाल वक्र ७० व्या महिन्यात. दोघांची गाठ पडते ती जागा हिरव्या रेघेच्या साडेपंधरा सेंटिमीटर वर, पट्टीच्या पार उजव्या टोकाला. तिने विचारलं, "बाई, दामदुप्पट पाळली तर १२८ वा महिना येणारच नाही ना?"

नाही येणार, म्हटलं.

घरच्यांनी पतसंस्थेकडे अर्ज केला आहे, पाच वर्षांचे हप्ते, महिना २,२२५. निवृत्त काकांचा आकडा मी चिठ्ठीवर लिहून दिला होता, त्यांच्या हिशेबात तोच आला. पहिल्या हप्त्यातले १,००० व्याजाचे आणि १,२२५ मुद्दलाचे, हे मुलीनं वडिलांना समजावून सांगितलं म्हणे.

पट्टी वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. आता मुलांना तिच्यावर दर दिवाळीला नवा कागद होणारी चौथी रेषा काढायची आहे. पाचव्या वर्षाअखेरच ती कागदाच्या अर्ध्या उंचीच्या वर जाते आणि दहाव्या वर्षापर्यंत कागद पुरतच नाही. उद्या वर आणखी कागद चिकटवणार आहोत.

वहीतलं_गणित

बाई, वरचे कागद चिकटवायच्या आधी मुलांना अंदाज करायला सांगा, दहाव्या वर्षापर्यंत किती सेंटिमीटर उंची लागेल. तुमच्या मापानं ८६ येते. काय काय अंदाज आले ते इथे नक्की लिहा.